गुरुजनांस भेट कोणती द्यावी ?

दरवर्षीं ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन जवळ आला, किंवा शालान्त वर्गाच्या निरोपसमारंभाचा दिवस ठरला, कीं घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येतो : “सरांना काय द्यावें ? बाईंना काय न्यावें ?” आणि बहुधा हा प्रश्न आदल्या रात्रीं आठ वाजतां विचारला जातो. मग वडील चपला पायांत सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानांत जातात आणि दुकानदार जें पुढें करील तें चकचकीत कागदांत गुंडाळून आणतात. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांचा जन्मदिवस १९६२ सालापासून आपल्या देशांत शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. ज्या पुरुषानें आयुष्याचीं कित्येक वर्षें अध्यापनांत घालविलीं त्याच्या स्मरणाच्या दिवशीं अशी घाईघाईनें उरकलेली खरेदी शोभत नाहीं, असें मला वाटतें. म्हणून या विषयासंबंधीं माझे कांहीं विचार वाचकांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

गुरूला कांहीं द्यावें ही इच्छा आपल्याकडे नवी नाहीं. कालिदासाच्या रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत कौत्साची कथा आहे. वरतंतु ऋषींजवळ विद्या संपादन केल्यावर कौत्सानें गुरुदक्षिणा काय देऊं म्हणून विचारलें. शिष्यानें निष्ठेनें केलेल्या सेवेंतच गुरु संतुष्ट होते. तरीहि कौत्सानें हट्ट सोडला नाहीं. तेव्हां रागावून त्यांनीं चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि सुवर्णमुद्रा आणावयास सांगितलें. बिचारा कौत्स रघुराजाकडे गेला, तों विश्वजित् यज्ञांत सर्वस्व देऊन बसलेल्या त्या राजानें मातीच्या पात्रांतून अर्घ्य आणून त्याचें स्वागत केलें. पुढें कुबेरानें सोन्याचा वर्षाव केला, राजा तें सर्वच देऊं लागला, पण कौत्सानें दक्षिणेपुरतेंच घेतलें. ही कथा औदार्याची म्हणून आपण वाचतों, आणि तें योग्यच आहे. परंतु तींत आणखीहि एक बोध आहे. गुरूचें मन न ओळखतां केलेल्या आग्रहानें गुरूला संतोष होत नाहीं. वरतंतूंना सोनें नको होतें. शिष्यानें आपलें म्हणणें ऐकावें, एवढेंच हवें होतें.

आजचे आपले शिक्षक अशा वेळीं रागावत नाहींत. ते हंसून भेट घेतात आणि घरीं नेतात. पण त्यांच्या कपाटांत काय सांठत जातें, याचा कोणी हिशेब केला आहे काय ? एखाद्या शिक्षकाकडे चार तुकड्या आहेत व प्रत्येक तुकडींत ५० मुलें आहेत असें धरूं. म्हणजे २०० विद्यार्थी झाले. त्यांच्यापैकीं केवळ चौथ्या हिश्श्याच्या मुलांनीं एकेक पेन दिलें, तरी एका दिवसांत ५० पेनें झालीं ! शिवाय चहाचे कप आहेत, फोटोच्या चौकटी आहेत, आणि सायंकाळपर्यंत मलूल होणारीं गुलाबाचीं फुलें तर आहेतच. यांत मुलांचें प्रेम नाहीं, असें मी मुळींच म्हणत नाहीं. प्रेम आहे, पण त्या प्रेमानें डोळे उघडून पाहिलेलें नाहीं.

भेटीची निवड हें मुख्यतः निरीक्षणाचें काम आहे, असें माझें मत आहे. शिक्षक वर्षभर आपणांस न्याहाळीत असतात. कोणाला फळ्यावरचें दिसत नाहीं, कोण डबा न आणतां येतो, कोणाचें शुद्धलेखन कोठें अडतें, हें सारें त्यांना ठाऊक असतें. मग वर्षांतून एकदां आपण त्यांना न्याहाळावें, यांत अधिक तें काय ?

वर सांगितलेल्या २०० विद्यार्थ्यांचा हिशेब थोडा पुढें चालवूं. एक वही तपासण्यास दोनच मिनिटें लागलीं, तरी ४०० मिनिटें, म्हणजे साडेसहा तासांहून अधिक वेळ होतो. आणि तो बहुतेक रात्रीं घरींच काढावा लागतो. त्या वह्यांचें ओझें बसच्या किंवा आगगाडीच्या गर्दींतून वाहून न्यावें लागतें तें वेगळेंच. म्हणून रुंद बंदांची, जाड कापडाची व दुहेरी शिवणीची एक पिशवी मला पन्नास पेनांहून मोलाची वाटते. ती आईच्या मदतीनें घरच्या शिवणयंत्रावर मुलाला स्वतः शिवतांहि येते. पेनच द्यावयाचें, तर बाई वह्या कोणत्या पेनानें तपासतात तें अगोदर पाहून त्याच्याच लाल रिफिली द्याव्या. दिवसाचे पांच-सहा तास घेऊन ज्यांचा घसा बसतो, त्यांना ऊन पाणी राहील असा लहानसा थर्मास उपयोगीं पडेल. खडूच्या धुळीनें ज्यांना ठसका लागतो, त्यांच्या वर्गासाठीं धूळ कमी उडणाऱ्या खडूंचा पुडा व एक चांगला डस्टर मुलांनीं मिळून आणावा. छत्री विसरण्याबद्दल जे सर सर्व शाळेंत प्रसिद्ध आहेत, त्यांना मुठीवर त्यांचें नांव घातलेली छत्री द्यावी. शिक्षकदिन भर पावसाळ्यांतच येतो, हें सोईचेंच आहे. आणि ज्यांना वाचनाचा नाद आहे त्यांना पुस्तक द्यावें. मात्र तें त्यांच्याजवळ आहे कीं काय, याची चौकशी आधीं युक्तीनें करावी.

यावर कोणी म्हणेल, पिशवी आणि खडू या वस्तु क्षुद्र आहेत. गुरूंचा गौरव शाल-श्रीफळानेंच व्हावा. गौरव अवश्य व्हावा. परंतु एका थोर शिक्षिकेचें उदाहरण पाहा. अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांनीं चालविलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना स्फूर्ति मिळाली, आणि १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली. त्या शाळेंत शिकवावयास सावित्रीबाई जात, तेव्हां वाटेंत लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेंकीत. म्हणून त्या दुसरें लुगडें बरोबर ठेवीत आणि शाळेंत गेल्यावर तें नेसत, असें सांगतात. त्या वेळीं एखाद्या मुलीच्या मनांत आपल्या बाईंना कांहीं द्यावें असें आलें असतें, तर रेशमी शालीपेक्षां शाळेच्या खुंटीवर धुऊन वाळवून ठेवलेलें एक साधें लुगडें त्यांना किती अधिक मोलाचें वाटलें असतें ! शाल म्हणाली असती, “आपण थोर आहां.” लुगडें म्हणालें असतें, “आपण आमच्यासाठीं काय सोसतां, तें आम्हांस दिसतें.” माझ्या मतें हें दुसरें बोलणें पहिल्याहून मोठें आहे.

आतां पैशाविषयीं. हा भाग नाजूक आहे, म्हणून माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेंतील एक गोष्ट सांगतों. आम्ही शालान्त वर्गांत असतां वर्गशिक्षकांना भिंतीवरचें घड्याळ द्यावयाचें ठरलें. वर्गणी गोळा झाली, आणि आमच्यांतल्या एका उत्साही मित्रानें नांवें व रकमा लिहिलेली यादी वर्गांतल्या फळ्याशेजारीं चिकटविली. समारंभाच्या दिवशीं सर्व वर्ग हजर होता. एकच जागा रिकामी होती. ज्या मुलाची ती जागा, तो वर्षभर सर्वांच्या आधीं येऊन फळा स्वच्छ पुशी आणि खडू जागेवर ठेवी. यादींत त्याच्या नांवापुढें कांहींच लिहिलेलें नव्हतें. सरांनीं घड्याळाकडे पाहण्यापूर्वीं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलें आणि विचारलें, “तो कोठें आहे ?” आम्हां कोणालाहि उत्तर देतां आलें नाहीं. घड्याळ उत्तम होतें. पण तें देण्यांत आम्हीं सरांच्या एका विद्यार्थ्याला त्यांच्यापासून तोडलें होतें, आणि कोणत्याहि शिक्षकाला अशी भेट आवडणें शक्य नाहीं.

मंदिरांतील भांडारांत श्रीमंत लोक पुष्कळ द्रव्य टाकीत असतां एका गरीब विधवेनें दोन टोल्या टाकल्या, आणि प्रभु येशूनें तिचेंच दान सर्वांत मोठें ठरविलें, ही मार्ककृत शुभवर्तमानांतील गोष्ट आपण प्रार्थनेच्या वेळीं किती वेळां ऐकतों ! ती वर्गणीच्या दिवशीं आठवावी. वर्गणी काढावयाची असेल तर झांकलेल्या डब्यांत काढावी. यादी करूं नये. कमाल रक्कम अगोदर ठरवावी, किमान रक्कम मुळींच ठरवूं नये. महाग वस्तु एकट्यानें देणें तर सर्वथा टाळावें. तीमुळें देणाऱ्याविषयीं वर्गांत कुजबुज होते, आणि घेणाऱ्याच्या निःपक्षपातीपणाविषयीं नसती शंका उत्पन्न होते. याच कारणास्तव परीक्षा तोंडावर आली असतां भेट देऊं नये; निकाल लागल्यावर द्यावी. निकालानंतर आलेली लहानशी भेटहि शिक्षकास निःशंक मनानें घेतां येते.

सरते शेवटीं, जिला पैसा लागत नाहीं आणि जी कधीं जुनी होत नाहीं अशा एका भेटीविषयीं लिहितों. ती भेट म्हणजे पत्र. आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाचा जन्म आल्जीरियांत झाला. पहिल्या महायुद्धांत त्याचे वडील मारले गेले. आई लोकांच्या घरीं साफसफाईचें काम करी. लुई जर्मेन नांवाच्या त्याच्या प्राथमिक शिक्षकांनीं या मुलाची बुद्धि ओळखली, मोबदला न घेतां त्याला जादा शिकविलें आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसविलें. १९५७ सालीं काम्यूला वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां त्यानें या शिक्षकांना पत्र लिहून कळविलें कीं, बातमी ऐकल्यावर आईच्या खालोखाल आपल्याला त्यांचीच आठवण झाली. जगांतील सर्वांत मोठा मान मिळालेल्या शिष्यानें गुरूला दिलें तें काय, तर एक कागद ! पण त्या गुरूला याहून मोठें दुसरें काय हवें असेल ?

असें पत्र तुम्हांसहि लिहितां येईल. मात्र तें पुस्तकांतून उतरून काढूं नये, आणि ‘आपले उपकार फेडतां येणार नाहींत’ असल्या ठराविक वाक्यांनीं भरूं नये. एकच खरी गोष्ट लिहावी. कोणत्या दिवशीं, कोणत्या धड्याच्या वेळीं, सरांच्या कोणत्या शब्दानें तुमची अडचण सुटली, तेवढें साध्या भाषेंत लिहावें. चार ओळी पुरेत. खालीं आपलें नांव, इयत्ता व तारीख घालण्यास विसरूं नये. कारण हें पत्र वीस वर्षांनीं पुन्हां उघडलें जाण्याचा संभव आहे.

पालकांना माझी एवढीच विनंति आहे कीं, भेटीची खरेदी आपण मुलाच्या वतीनें करूं नये. “तुझ्या बाईंना काय लागतें ?” असा प्रश्न आठ दिवस आधीं मुलालाच विचारावा, आणि त्याला उत्तर शोधूं द्यावें. उत्तर सांपडलें नाहीं, तर ज्यांच्या सहवासांत आपण दिवसाचे इतके तास काढतों त्यांच्याकडे आपण कधीं नीट पाहिलेंच नाहीं, हें त्याला कळेल; आणि तें कळणें हाहि शिक्षणाचाच एक भाग आहे. उत्तर सांपडलें, तर मग भेट पिशवीची असो, छत्रीची असो, कीं चार ओळींच्या पत्राची असो, ती चकचकीत कागदांत गुंडाळण्याची आवश्यकताच उरणार नाहीं.