वही आमची, कुलूप कोणाचे?

लक्ष्मीपूजनाला आपण पाटावर काय मांडतो? नाणी, केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि वही. नाणी पुन्हा मिळवता येतात, लाह्या मुले संपवतात. पण वही गेली की पेढीच गेली. वाडवडिलांनी पैशाच्या जोडीला वहीची पूजा सांगितली, ती उगीच नव्हे. कोणाकडून किती येणे आणि कोणाचे किती देणे, ही व्यापाऱ्याची स्मृती आहे. आणि स्मृती गहाण टाकून धंदा होत नाही. आज ती सर्रास गहाण पडत आहे, आणि गहाणखत असे की ते कोणी वाचतही नाही. त्याविषयी सणासुदीला चार कडू शब्द लिहितो. नाहीतरी नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला कडू चव लावण्याची चाल कित्येक घरांत आहेच.

मी यावलचा. केळीची वखार आणि खते-बियाण्यांचे दुकान असलेल्या एका पेढीचे हिशेब लिहितो. अलीकडे आमच्या तालुक्यात, फैजपुरापासून किनगावापर्यंत, एकच हवा आहे: हिशेब क्लाउडवर न्या. आमच्याकडे कोणी ‘ढगात गेला’ म्हणजे बातमी फारशी शुभ नसते, पण ते असो. क्लाउड म्हणजे ढग नव्हे. तो दुसऱ्याच्या इमारतीतला दुसऱ्याचा संगणक, आणि आपण घेतलेली त्यातली भाड्याची खोली.

भाड्याच्या खोलीशी माझे वैर नाही. कापणी चालू असता शेतातूनच फोनवर वजन आणि भाव नोंदता येतो. दुकानातला संगणक बिघडला तरी खाती शाबूत राहतात. करसल्लागाराला जळगावी बसून सारे दिसते. हे फायदे खरे आहेत आणि ते नाकारणारा शहाणा नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की खोली सोडताना आपले सामान आपल्याला बाहेर काढता आले पाहिजे.

मागे एका कंपनीचा प्रतिनिधी पेढीवर आला. नाव सांगत नाही. दुसऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधीही हेच बोलतात. तो म्हणाला, “भाऊ, पहिले वर्ष निम्म्या दरात. जुना सगळा हिशेब आम्ही फुकट चढवून देऊ.” मी विचारले, “आणि उतरवून कसा द्याल?” तो हसला. “तशी वेळच येणार नाही, भाऊ!” भराई फुकट करून देणारा आणि उतराईचा दर विचारला की हसणारा ट्रकवाला आमच्या वखारीत दुसऱ्या दिवशी उभा राहू शकणार नाही. मग हिशेबाच्या बाबतीतच आपण एवढे भोळे कां होतो?

दावे एका दिवसात गळ्यात पडत नाही. आधी खातेवही जाते, मग मालाचा साठा, मग नोकरांचे पगार, मग गिऱ्हाइकांचे पत्ते आणि उधारीची आठवणपत्रे. हे सारे त्या कंपनीच्याच खास साच्यात बसते. तिसऱ्या वर्षी भाडे वाढते. आपण चिडून निघतो म्हटले, की उत्तर मिळते, “नोंदींची पीडीएफ मिळेल.” पीडीएफ म्हणजे केळीचा फोटो: दिसतो छान, भूक भागत नाही. नव्या प्रणालीला त्यातल्या नोंदी सरळ उचलता येत नाहीत, आणि हजारो नोंदी पुन्हा हाताने कोण भरणार? आपण मुकाट्याने पैसे भरतो. बैलाला निदान वैरण तरी मालक घालतो. इथे दावणीला बांधलेलाच वैरणीचे पैसे देतो!

मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी खासगी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसती अगम्य चिन्हे दिसत. अक्षरे आपली, लेख आपला. वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याची. हिशेबाचेही तेच.

आमचे यावल एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. त्या कागदावर कोणी जमाखर्च लिहिला असेल, कोणी पोथी. पण कागद विकला की कागद्याचा हक्क संपला. वही उघडताना त्याची परवानगी लागत नव्हती, आणि त्याचे दुकान बंद झाले म्हणून जुनी पाने कोरी होत नव्हती.

हिशेब दुसऱ्याच्या ताब्यात असला की काय होते, हे महाराष्ट्राने सोसून पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो पुढे पसरला. जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या घरातल्या कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळली गेली. कर्ज शेतकऱ्याचे, पण ते किती हे सांगणारा कागद सावकाराच्या पेटीत, हे खरे दुखणे होते. म्हणून १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याला पावती, वार्षिक हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. म्हणजे जे मागावे असे मी आज सुचवतो, ते कायद्याने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच मान्य केले होते.

कोणी म्हणेल, सावकारी गेली, आता मोठ्या आणि सभ्य कंपन्या आहेत. तर मग २०२५ सालचे उदाहरण पाहा. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली, गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा. जुलैत युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पूर्ण पैसे भरलेले असूनही आम्हाला आमचीच माहिती मिळेना, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात तिने ईमेलसाठी रेडिफचा आसरा घेतला. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या. युरोपच्या आणि रशियाच्या भांडणात आपण पडू नये. पण एवढ्या बलाढ्य कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागली, तर केळीच्या वखारवाल्याने कोणाचे दार ठोठवावे?

आणि जबाबदारी तर आपलीच राहते. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपावयाचे असतात. वर्गणी १२ महिन्यांची, जबाबदारी ७२ महिन्यांची! वर्गणी थांबली आणि खाते बंद झाले, तर अधिकाऱ्यापुढे काय कंपनीचे माहितीपत्रक ठेवावयाचे?

“करार छापील असतो, लहान माणसाला कोण विचारतो?” हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. एकट्याला विचारत नाहीत, हे खरे. पण एका गावचे दहा दुकानदार एकाच अटीवर अडून बसले, तर कंपनी विचारते. आणि अट शक्य नाही असे कोणी सांगितले, तर ऐकू नका. २०२४च्या जानेवारीत गूगलने, आणि मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन व मायक्रोसॉफ्टने, आपले क्लाउड सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून माहिती बाहेर नेण्याचा आकार घेणे सोडून दिले. म्हणजे तो आकार काही निसर्गनियम नव्हता. युरोपच्या डेटा कायद्यात तर १२ जानेवारी २०२७ पासून असे शुल्क घेण्यास मनाईच आहे. आपल्याकडेही २०११च्या जानेवारीपासून कंपनी बदलून मोबाइलचा नंबर कायम ठेवण्याची सोय देशभर झाली, आणि त्यामुळे कोणतीही मोबाइल कंपनी बुडाल्याचे ऐकिवात नाही. नंबर बरोबर नेता येतो, तर खातेवही कां नये?

दावण टाळणे फुकट नसते, हेही सांगितले पाहिजे. थोडा वेळ जातो आणि एखादी खास सोय सोडावी लागते. पण सही करण्यापूर्वी एवढे लिहून घ्याच: प्रत्येक नोंद, केवळ बेरजा नव्हेत, एक्सेल, सीएसव्ही किंवा एक्सएमएल अशा इतरांना वाचता येणाऱ्या साच्यात मिळेल, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल, वर्गणी थांबल्यावर माहिती किती काळ राखली जाईल, आणि भाडे किती वाढू शकेल. पेढीचे संकेतस्थळ आणि मुख्य पासवर्ड प्रतिनिधीच्या नव्हे, आपल्या नावावर हवेत. दर महिन्याला सर्व नोंदींची प्रत आपल्या घरी उतरवून घ्या, आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या प्रणालीत उघडून पाहा. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली थैली.

यंदा पाटावर वहीऐवजी लॅपटॉप ठेवणारी घरे पुष्कळ असतील. ठेवा, त्यालाही हळदकुंकू वाहा. पण कुंकू लावण्याआधी त्यातला हिशेब आपल्या हाताने बाहेर काढून पाहा. निघाला, तर ती तुमची वही. न निघाला, तर आपण दुसऱ्याच्या तिजोरीची पूजा करीत आहोत, हे ओळखून असा.