जशी बोट, तसा वेश

पुतण्याने विलायतेहून जे कागद पाठवले, त्यात बोटीची तिकिटे होती, विम्याची कागदपत्रे होती आणि 'सायंकाळचा पोशाख' अशा मथळ्याखाली दीड पान मजकूर होता. तिकिटे मी पाचच मिनिटांत वाचून ठेवून दिली. त्या दीड पानावर मात्र आमच्या घरात पंधरा दिवस चर्चा चालली.

प्रवास होता इंग्लंडमधल्या साउदम्प्टन बंदरातून नॉर्वेच्या फ्योर्डपर्यंत आणि परत. सात रात्री. आम्ही नवराबायको, माझे थोरले बंधू दादा, वहिनी आणि पुतण्याचे कुटुंब. दादा रत्नागिरीचे निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. धोतराशिवाय दुसऱ्या कशातही मी त्यांना पाहिलेले नाही. आणि कागदावर लिहिले होते की, सातपैकी दोन रात्री संध्याकाळी सहानंतर मुख्य भोजनगृहात पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा. पुतण्याचा रात्री फोन आला. "काका, बाबांना तुम्हीच समजवा. दोनच रात्रींचा प्रश्न आहे. सूट मी इथे भाड्याने घेतो."

दादांना समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. पण या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. क्रूझच्या बोटीवर काय घालावे, हा वरवर चेष्टेचा वाटणारा विषय. पण त्यावर जगभरचे प्रवासी तावातावाने भांडतात. आणि भांडणाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो आपल्याही दारात कधीचा येऊन उभा आहे.

पहिल्या वर्गाची आठवण

बोटीवर जेवायला नटून जाण्याची रीत क्रूझवाल्यांनी शोधलेली नाही. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांवर पहिल्या वर्गाचे उतारू रात्रीच्या जेवणाला विलायती मेजवानीच्या थाटात येत. ट्रंका उघडलेल्या नसत म्हणून पहिल्या रात्री आणि पुन्हा बांधलेल्या असत म्हणून शेवटच्या रात्री तेवढी सूट असे. खालच्या वर्गातल्या उतारूंना असा नियम लागू नव्हता, कारण त्यांना त्या भोजनगृहात प्रवेशच नव्हता. १९५८ साली जेट विमाने अटलांटिकपार प्रवासी नेऊ लागली आणि या जहाजांचे मूळ कामच संपत आले. मग जहाजे सहलीला निघाली. कुठेतरी पोहोचण्यापेक्षा बोटीवर असण्यालाच महत्त्व आले. वर्ग गेले, एकच तिकीट घेणारे सगळे एका भोजनगृहात आले, पण पहिल्या वर्गाचा पोशाख मात्र मागे राहिला. १९७२ साली सुरू झालेल्या कार्निव्हलसारख्या कंपनीने मध्यमवर्गीय अमेरिकनांना बोटीवर आणले ते मौजमजेचे आमिष दाखवून. तरीही कप्तानाबरोबरची मेजवानी आणि त्या रात्रीचे फोटो हा सहलीचा भाग राहिलाच. ते फोटो बोटीवरच विकत मिळतात, हेही विसरू नये. नटलेला प्रवासी फोटो काढून घेतो.

आपल्या माणसांना या गोष्टीचा चटका फार पूर्वी बसलेला आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधी नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने बोटीवर काळा सूट वापरला आणि किनाऱ्यावर उतरताना घालायचा म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे जपून ठेवले. सप्टेंबर संपत आलेला. उतरून पाहतो तर पांढऱ्या कपड्यात तो एकटाच! सामान दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले, त्यामुळे कपडे बदलायचीही सोय नाही. ही फजिती त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. पुढे १९३१ च्या ऑगस्टमध्ये तोच माणूस गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने निघाला, तो आखूड धोतर आणि शाल एवढ्यावर; आणि त्याच वेशात बादशहांच्या राजवाड्यातही जाऊन आला. मधल्या त्रेचाळीस वर्षांत पोशाखाचे नियम फारसे बदलले नव्हते. आपण काय घालायचे हे कोणी ठरवायचे, याचे उत्तर बदलले होते.

दोन्ही बाजू खऱ्या

आजच्या क्रूझवर सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, रोज अर्ध्या चड्डीत वावरायचे असेल तर घर काय वाईट होते? वर्षातून एकदा नीट कपडे करून, शंभर माणसांत बसून, सावकाश जेवण्यात एक सुख आहे. लग्नातला शालू कपाटात पडून असतो. तो नेसायला निमित्त हवे असते. सगळेच नटले की कोणी एकटा नटलेला दिसत नाही. या मंडळींचे एक गाऱ्हाणे मला पटते. ते म्हणतात, नियम आहे असे सांगून आमच्याकडून सूट आणवता, मग शेजारच्या टेबलावर जीन्स आणि टी-शर्ट चालवून कसा घेता? नियम पाळणारा मूर्ख ठरावा, ही कुठली रीत?

दुसरा तट तितक्याच जोराने म्हणतो, पैसे मोजून सुट्टीवर आलो आहोत, कचेरीत नाही. विमानाने बंदरापर्यंत येणाऱ्याला पुष्कळदा तेवीस किलोंची एकच बॅग नेता येते. त्यात दोन रात्रींसाठी सूट, बूट आणि गाऊन कोंबायचे? भाड्याने घ्यायचे तर तो खर्च वेगळा. पोरेबाळे बरोबर असलेल्या बाईला विचारा, रोज सायंकाळी सहाच्या ठोक्याला घरभर कपडे बदलवणे ही सुट्टी आहे की शिक्षा! शिवाय हा पोशाख एका विशिष्ट समाजाचा, एका विशिष्ट वर्गाचा. तोच सभ्य, असे कोणी ठरवले?

कंपन्यांनी या भांडणात आपापला धंदा पाहून बाजू घेतली आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ठरलेली वेळ, ठरलेले टेबल आणि सक्तीचा पोशाख यांना फाटा दिला. सेलिब्रिटीने २०१५ च्या अखेरीस 'फॉर्मल' रात्र काढून तिच्या जागी जरा सैल नियम आणले. उलट, जुनी ब्रिटिश कंपनी क्युनार्ड आपल्या 'क्वीन मेरी २' वर साउदम्प्टन ते न्यूयॉर्क अशा सात रात्रींच्या प्रवासात आजही थाटाच्या रात्री ठेवते, कारण तिचे गिऱ्हाईक त्याच थाटासाठी येते. २०२१ साली प्रवासी नेऊ लागलेल्या व्हर्जिनच्या बोटींनी औपचारिक पोशाख मुळीच ठेवला नाही. पण तिथेही एका रात्री सगळ्यांनी लाल काहीतरी घालावे, असे सुचवले जातेच! नियम मोडून काढणाऱ्यांनाही शेवटी एक सामाईक रंग लागतो. यातून माणसाच्या स्वभावाविषयी बरेच कळते.

मधला मार्ग बहुतेक बोटींनी काढला आहे. ज्याला नटायचे नाही त्याने वरच्या मजल्यावरच्या बुफेत जेवावे. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण तिकीट सारखेच असताना त्या रात्री चांगले भोजनगृह आणि दिवाणखाने एकाला उघडे आणि दुसऱ्याला बंद, हे काहींना जुन्या वर्गांचेच नवे रूप वाटते. त्यांना अगदीच चूक म्हणता येत नाही.

धोतर चालेल, चप्पल नाही

आता आमची हकीकत. दीड पानाच्या तळाशी एक ओळ होती: औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालेल. दादांनी ती ओळ शिक्षकाच्या लाल पेन्सिलीने अधोरेखित केली आणि वाद संपला असे जाहीर केले.

पहिल्या थाटाच्या रात्री आम्ही निघालो. दादा पांढरेशुभ्र धोतर, बंद गळ्याचा काळा कोट, डोक्याला टोपी. वहिनी नऊवारीत. मी आणि पुतण्या सुटात. दारावरचा तरुण नम्रपणे हसला आणि त्याची नजर खाली गेली. दादांच्या पायांत कोल्हापुरी चपला. पुरुषांना उघडी पायताणे चालत नाहीत, असे त्याने सांगितले. तो गोव्याचा, सासष्टीचा निघाला. आमचे मराठी ऐकून त्याने कोकणीत माफी मागितली आणि म्हणाला, "धोतराबद्दल मी वरिष्ठांना सांगेन, पण चपलेबद्दल मलाच ऐकून घ्यावे लागेल." त्याच वेळी वहिनी चपला घालून आत पोहोचल्या होत्या. बायकांना उघडी पायताणे चालतात!

दादा काही बोलले नाहीत. वळले आणि लिफ्टने वर बुफेकडे गेले. वहिनी त्यांच्यामागे. पुतण्या ताटापुढे बसला, पण घास उतरेना. हे सगळे त्याने आईवडिलांच्या सुखासाठी केले होते, आणि त्याच्या पैशाने त्याचे वडील दारातून परत गेले होते. दहा मिनिटांनी आम्ही सगळेच वर गेलो. दादा वरणभाताच्या जवळपास जाणारे काहीतरी शांतपणे जेवत होते. "तुम्ही कशाला आलात? तिथे फुकट जायचे ते," एवढेच म्हणाले.

मला त्या रात्री राग आला, तो त्या तरुणाचा नव्हे. तो स्वतः गणवेशात होता, आणि त्याला तर कुठल्याच रात्री निवड नव्हती. नियम लिहिणाऱ्याने 'राष्ट्रीय पोशाख' हे शब्द उदारपणे लिहिले, पण त्या पोशाखाला पायही असतात याचा विचार केला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे सूटच होता. बाकीच्यांना त्याने सुटाच्या शेजारी जागा दिली, इतकेच.

आपल्या दारातल्या पाट्या

पण हा राग घेऊन मी घरी परतलो आणि विचार करू लागलो, तेव्हा अडचण झाली. गोऱ्यांच्या क्लबांचे नियम आपण स्वातंत्र्यानंतर जसेच्या तसे चालवले. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबने अनवाणी आले म्हणून चित्रकार हुसेन यांना प्रवेश नाकारला. २०१४ च्या जुलैत चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे त्यांचे धोतर, नेसल्यामुळे अडवले. तमिळनाडूने त्याच वर्षी कायदा करून असे नियम रद्द ठरवले. या दोन्ही वेळी आपण हळहळलो.

आणि दुसरीकडे? २०२३ च्या मे महिन्यात तुळजापूरच्या मंदिरात तोकड्या कपड्यांना बंदी करणारे फलक लागले आणि ओरड होताच उतरले. २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने पोशाखाचा नियम जाहीर केला. त्यावर आपल्यातलेच कित्येक म्हणाले, योग्य झाले, जागेचे पावित्र्य राखायला हवे. म्हणजे जागेला शोभेल असे यावे, हे तत्त्व आपल्याला मान्य आहे. फक्त जागा आपली असली पाहिजे! बोटीवरचा साहेबही याहून वेगळे काय म्हणतो?

तुलना पुरती जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. देवळात माणूस श्रद्धेने जातो आणि बोटीवर पैसे मोजून. पण म्हणूनच मला वाटते, की पोशाखाचा नियम असावा की नसावा, हा प्रश्नच अपुरा आहे. नियम आधी, स्पष्ट शब्दांत सांगितला होता का? न पाळणाऱ्याला दुसरी जागा तितकीच चांगली मिळते का? नियम सगळ्यांना सारखा लागतो का, की दारावरच्या माणसाच्या धाडसावर अवलंबून राहतो? आणि तो लिहिताना, आपल्यासारखा न दिसणारा माणूसही नीटनेटका असू शकतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते का? या चार प्रश्नांना जिथे होकार मिळेल, तिथे मी खुशाल कोट चढवीन. नकार मिळाला, तर मग ती जागा बोट असो, क्लब असो की आणखी काही, तिथे शिस्तीच्या नावाखाली दुसरेच काही चालले आहे असे समजावे.

दुसऱ्या थाटाच्या रात्रीचे सांगायचे राहिले. दादा वर जातील असे आम्ही गृहीत धरले होते. सहाला दहा कमी असताना ते खोलीतून बाहेर आले, धोतर, कोट, टोपी आणि पायांत पुतण्याचे काळे बूट. आम्ही बघतच राहिलो. दादा म्हणाले, "आपल्या आजोबांचा फोटो आठव. बैठकीतला. धोतरावर बूटच आहेत त्यांच्या." खरेच होते. चाळीस वर्षे तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी कधी त्यांच्या पायांकडे पाहिले नव्हते.

दारावरच्या गोव्याच्या तरुणाने खुर्ची ओढून दिली. दादांनी त्याला विचारले, "तुला कुठल्या रात्री बऱ्या वाटतात रे? या, की साध्या?" तो क्षणभर थांबला. म्हणाला, "या. या रात्री लोक हळू बोलतात. पण बूट दुखत असतील तर टेबलाखाली काढून ठेवा, कोणी बघत नाही."

दादांनी ते लगेच काढले.