हिशेबाच्या वहीत नावे हवीत

डिसेंबर लागला की आपल्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षीचा वाद सुरू होतो: एकतीस डिसेंबर आपला की परका? एक बाजू फतव्यांचे स्क्रीनशॉट टाकते, दुसरी गोव्याच्या तिकिटांचे. मला हा वाद फार छोटा वाटतो. हिजरी १४४७ जूनच्या अखेरीस सुरू झाले, आता रजब आला, म्हणजे ते निम्मे सरले. आमच्या हिंगोली जिल्ह्यात सालगड्याचे वर्ष पाडव्याला संपते. जुना हिशेब मिटतो आणि नवा सौदा ठरतो. बँकेचे वर्ष मार्चमध्ये. जकातीचा हिशेब बहुतेक घरांत रमजानला. वर्ष कधी संपते, याची एकाच गल्लीत इतकी उत्तरे आहेत. मुहासब्याला, म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेण्याला, कोणी तारीख नेमून दिलेली नाही. बुजुर्ग तर रोज रात्री झोपण्याआधी घ्या म्हणत. रोज कितीजण घेतात ते सोडा. सगळे जग थांबून मागे बघते तेव्हा आपणही तासभर बसलो तर बिघडत नाही. खरा प्रश्न वहीत काय लिहायचे हा आहे.

माझ्यासारख्या आयटीवाल्यांना कंपनीत दरवर्षी सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरावा लागतो. मी काय केले, मी काय शिकलो, पुढच्या वर्षी मी काय करणार. प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू. पगारवाढीसाठी तो भरावाच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण हाच फॉर्म आता आपल्या मनातही शिरला आहे. तरुण मुले-मुली वर्षाअखेरीस आपली प्रगती लिहितात. त्यात कोर्स असतात, कमी केलेले वजन असते, बचत असते, पाठ केलेल्या सूरहसुद्धा असतात. दुसऱ्या माणसाचे नाव मात्र एकाही ओळीत नसते. खाली 'अल्हम्दुलिल्लाह' लिहिले की झाले. (आमच्या धंद्यातही तसेच आहे. गिटमध्ये कोणती ओळ कोणी लिहिली हे शोधायला 'ब्लेम' नावाची कमांड आहे. 'थँक्स' नावाची नाही.)

माणसांचे उपकार विसरणाऱ्याचा अल्लाहसमोरचा शुक्रही अपुराच, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. कुफ्र या शब्दाचा मूळ अर्थ झाकणे. शुक्राच्या विरुद्ध तो येतो तेव्हा मिळालेल्या उपकारावर माती लोटणे असा त्याचा अर्थ होतो. आणि आपले सन कुठून मोजले जाते ते बघा. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात कालगणना ठरली, तेव्हा सुरुवात धरली गेली हिजरतीपासून. म्हणजे ज्या वर्षी घरदार सोडून निघालेल्या लोकांना मदिनेच्या अन्सारांनी आपल्या घरात, शेतात, बागेत वाटा दिला, त्या वर्षापासून. त्या प्रवासाचा वाटाड्या होता अब्दुल्लाह बिन उरैकित. तो मुसलमान नव्हता. आपल्या उंटिणी त्याच्या हवाली करून, तीन दिवसांनी सौर गुहेपाशी ये, असे त्याला सांगितले होते, आणि मक्केत प्रेषितांच्या (स.) डोक्यावर इनाम लागलेले असतानाही तो आला. वाळवंटातला आडमार्ग त्याने दाखवला. आपल्या वर्षाच्या पायाशीच एका परधर्मीय माणसाचा विश्वासूपणा आहे. नावे लिहायला बसाल तेव्हा ती फक्त आपल्याच मोहल्ल्यातली नसतील, हे यावरून समजावे.

आता 'प्रगती'कडे येतो. आमच्याकडे वसमतची हळद प्रसिद्ध आहे, भौगोलिक मानांकनही तिला मिळाले आहे. बेणे जूनमध्ये लावतात. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठे ती मार्केट यार्डात जाते. म्हणजे डिसेंबरात हळद जमिनीच्या पोटात असते. वर पाला हिरवागार, खाली काय आहे ते दिसत नाही. यंदा सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पाणी ज्या रानात साचून राहिले तिथे कंदकुजीची भीती आहे. पूर्ण खरे काय ते खणल्यावरच कळेल. एकतीस डिसेंबरला हळदवाल्याने आपले 'अचिव्हमेंट' काय लिहावे?

आपल्यातल्या कितीतरी मुलांचे वर्ष असेच जमिनीखाली आहे. कोणी एमपीएससीचा तिसरा प्रयत्न करतोय, कोणी घरी आजारी वडिलांचे करतेय, कोणी डिग्री घेऊन मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभा आहे. इन्स्टाग्रामवरच्या रीलमध्ये टाकायला त्यांच्याकडे काही नाही. त्यांनी स्वतःला नापास ठरवू नये. निकालावर आधारलेला शुक्र हा फक्त निकाल लागलेल्यांनाच परवडतो. कोणी मदत केली, कोण सोबत थांबले, ही नोंद मात्र पीक हाती येण्याआधीही करता येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या समाजात शुक्र हा शब्द तोंड बंद करायलाही वापरला जातो. नालीचे पाणी घरात येते म्हटले की एखादे चाचा सांगतात, 'शुक्र कर बेटा, छत तो है.' बाहेरचेही कधीकधी तेच सुचवतात: राहायला मिळतेय ना, मग गप्प बसा. मला हे दोन्ही मान्य नाही. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पीएचडीसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद करत असल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. यावर सबर करा म्हणणे सोपे आहे. पण जे मागायचे ते मागितलेच पाहिजे. पुरात वाहून गेलेल्या पिकाचा पंचनामा मागणारा शेतकरी नाशुक्रा नसतो. ज्याने दिले त्याचे नाव एका पानावर आणि ज्याने द्यायचे होते पण दिले नाही त्याचे दुसऱ्या पानावर, अशी वही असावी. पहिले पान नीट लिहिणाऱ्याच्या दुसऱ्या पानालाही वजन येते, कारण ऐकणाऱ्याला कळते की हा माणूस नुसता कुरकुरणारा नाही.

पहिले पान लिहायला अवघड आहे. 'आई-वडील, शिक्षक, मित्र' असे ढोबळ लिहून चालत नाही. माझ्या पानावर शेजारच्या काकू आहेत: लोडशेडिंगच्या दिवसांत त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता आणि बारावीचे वर्षभर त्यांच्या ओट्यावरचा बल्ब माझ्यासाठी जळत राहिला. एक नेट कॅफेवाले आहेत, ज्यांनी इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म दोन तास बसून भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत. गणिताचे एक सर आहेत. यंदाच्या वर्षाचे दोघे आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलून झाले. मृतांसाठी दुआ करता येते. जिवंतांना कळवावे लागते, आणि कळवताना काम नेमके सांगावे लागते. काकूंना बल्बचे सांगितले तर त्या हसल्या. म्हणाल्या, 'अरे, तो तर मी कुत्र्यांसाठी लावून ठेवायची.' मी त्यांचे नाव खोडलेले नाही.

नेट कॅफेच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे, जुना नंबर लागत नाही. चौकशी चालू आहे. सर निवृत्तीनंतर कळमनुरीला राहतात असे परवा समजले. २५ तारखेला सुट्टी आहे. हिंगोलीहून एसटी आहेच.