गाणं चालतं, भाषा चालत नाही

'चौदहवीं का चाँद'चं शीर्षकगीत न आवडणारा माणूस मला धाराशिव जिल्ह्यात अजून भेटायचा आहे. ऑर्केस्ट्रात त्याची फर्माईश होते, लग्नाच्या बँडवर ते वाजतं, एसटीत शेजारच्याच्या मोबाइलवर लागलेलं असतं. पण गाणं कोणत्या भाषेतलं, असं विचारलं की उत्तर येतं, "हिंदी." आणि उर्दूचा विषय निघाला की तोच माणूस म्हणतो, "ती तुमच्या लोकांची भाषा ना, सर?" म्हणजे गाणं सगळ्यांचं आणि भाषा तेवढी आमची! हा हिशेब मला मान्य नाही.

या गाण्याचा इतिहासच या हिशेबाला खोटं ठरवतो. १९५९ साली 'कागज़ के फूल' पडला आणि गुरुदत्त यांना मोठा आर्थिक फटका बसला. पुढच्याच वर्षी त्यांनी 'चौदहवीं का चाँद' काढला. दिग्दर्शन एम. सादिक यांच्याकडे सोपवलं आणि स्वतः नायक झाले. गोष्ट लखनौची. दोन जिवलग मित्र एकाच स्त्रीवर प्रेम करतात आणि बुरख्यामुळे ते त्यांना कळत नाही. झोपलेल्या पत्नीकडे पाहून नायक हे गाणं म्हणतो. चित्रपट काळापांढरा होता, पण हे गाणं नंतर मुद्दाम रंगीत चित्रित केलं गेलं. चित्रपट चालला, गुरुदत्त सावरले. या गाण्यासाठी शकील बदायुनी यांना गीतकाराचं आणि मोहम्मद रफी यांना गायकाचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं.

आता ही माणसं कुठली ते बघा. शकील बदायूंचे. रफी अमृतसरजवळच्या खेड्यातले पंजाबी. संगीतकार रवी म्हणजे दिल्लीचे रविशंकर शर्मा, आधी टपाल-तार खात्यात नोकरीला होते. गुरुदत्त पदुकोण यांच्या घरची भाषा कोकणी. वहीदा रहमान तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या, त्यांनी सुरुवात तेलुगू चित्रपटांतून केली. या पाचांत लखनौचा एकही नाही. गाणं घडलं ते आपल्या मुंबईत. उर्दू एकाच धर्माची मालमत्ता असती तर शर्मांनी तिला चाल कशी लावली असती आणि पदुकोणांनी तिच्यावर पैसा कसा लावला असता?

'चौदहवीं का चाँद' म्हणजे पौर्णिमेचाच चंद्र. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून पूर्ण चंद्र चौदाव्या रात्री येतो. आपल्या पंचांगात पौर्णिमा पंधरावी तिथी. मोजायची रीत वेगळी, आभाळातला चंद्र एकच. वर्गात एवढं सांगितलं की मुलांना पटतं. मोठ्यांना का पटू नये?

मराठवाड्यात यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो टाळून चालणार नाही. "निजामाने आमच्यावर उर्दू लादली." खरं आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमात सुरू झालं, दरबार आणि कचेरी उर्दूत चालली आणि मराठी पोरांच्या शिक्षणाची आबाळ झाली. तो राग रास्त आहे. पण गुन्हा राजवटीचा होता, भाषेचा नाही. 'इमरोज़' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. ज्या भाषेत हुकूम निघत होते, त्याच भाषेत त्या हुकमांना विरोधही छापला जात होता. आणि आपल्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी! निजामाच्या नोकरीत राहिलेल्या या इतिहासकाराने उर्दू काव्य मराठी वाचकांच्या हाती दिलं. त्याआधी माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि गझल मराठीत रुजवली. यांपैकी कोणाचं मराठीपण कमी झालं?

२०२३ साली काय झालं ते आठवा. कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उघडली गेली. बरेचसे कागद उर्दूत आणि मोडीत. तेव्हा उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या लिपीला परकी म्हणून हिणवलं, तीत मराठा शेतकऱ्याच्या पणजोबाची नोंद निघाली. काम पडल्यावर आठवण आणि एरवी हेटाळणी, ही कुठली रीत? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू नको, म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की फलकावर उर्दू असू शकते आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. एका पाटीवरच्या चार अक्षरांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावं लागलं, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

सगळ्यांना म्हणजे आपल्यालाही. आपल्यातही असे आहेत जे उर्दूला दीनचा भाग समजतात, जलशात तिच्या नावाने गळा काढतात आणि लग्नपत्रिकेपुरती तिची आठवण ठेवतात. घरात पोरगा उर्दू वाचत नाही, मराठी धड लिहीत नाही आणि इंग्रजी शाळेची फी मात्र वेळेवर जाते. "उर्दू आमची" असं म्हणून आपणच शर्मा आणि पगडींना दाराबाहेर काढतो, मग शेजाऱ्याने तिला परकी म्हटलं की चिडतो. शिवाय लखनौचा नवाब आपला आरसा नाही. आपण इथले शेतकरी, बागवान, मोमीन, मणियार. घरात दखनी बोलतो आणि बाजारात मराठी. आपली उर्दू नवाबी मिरवायला नको, वाचायला-लिहायला हवी आहे.

माझी मागणी साधी आहे. उर्दू शाळेत मराठी उत्तम शिकवा, यावर मी कधीच तडजोड करणार नाही. तशीच मराठी शाळेतल्या ज्या मुलाला हवी असेल त्याला उर्दू लिपी शिकण्याची सोय द्या. सक्ती नको. मन लावून शिकणाऱ्याला अक्षरओळख व्हायला काही आठवडे पुरतात. पूर्वी चित्रपटांच्या नामावलीत नाव तीन लिप्यांत झळकायचं, देवनागरी, रोमन आणि उर्दू. आता तिसरी लिपी पडद्यावरून जवळजवळ गेली. ती वहीतूनही गेली, तर शकील यांचं गाणं ऐकणारे उरतील, पण त्यांनी ज्या अक्षरांत ते लिहिलं ती वाचणारा इथे कोणी उरणार नाही.

तोवर निदान एवढं करा. पुढच्या वेळी या गाण्याची फर्माईश कराल तेव्हा भाषेचं नाव बरोबर घ्या.