पळून जाण्याची हौस, पळून जाण्याची पाळी

गेल्या सप्टेंबरात भाचीचा अमेरिकेतून फोन आला. "मावशी, रागावू नकोस हं. आम्ही पळून जाऊन लग्न केलं."

तीस वर्षे बायकांच्या केंद्रात बसल्यामुळे हे वाक्य कानावर पडले की माझे डोके आपोआप चालू लागते. मुलगी आत्ता कुठे आहे? वयाचा दाखला सोबत घेतला की घरीच राहिला? पोलिसांत तक्रार कोणी दिली, हरवल्याची दिली की अपहरणाची? मी तिला पहिला प्रश्न विचारलासुद्धा, "तू आत्ता सुरक्षित आहेस ना?" ती इतकी हसली की फोन नवऱ्याच्या हातात द्यावा लागला.

तिचे पळणे असे होते. दोघांनी शुक्रवारची रजा काढली आणि गाडीने नापाला गेली. कॅलिफोर्नियातला हा द्राक्षांचा आणि वाइनचा मुलुख. तिथे 'पळून जाऊन लग्न' करण्याचे पॅकेज विकतात. फुले, छोटा केक, एक बाटली, लग्न लावणारी एक बाई आणि फोटो काढणारा, सगळे एका दरात. दोघे आणि चार मित्र. तोडणीचा हंगाम, वेलींवर काळी द्राक्षे, मागे डोंगर. फोटो मी पाहिले. सुंदर आहेत. खोटे कशाला बोलू?

मला फोटोंपेक्षा कागदात रस. म्हणून विचारले, नोटीस किती दिवस आधी दिली होती? तिला प्रश्नच कळला नाही. कॅलिफोर्नियात नोटिशीची मुदत नाही. दोघांनी ओळखपत्रे घेऊन काउंटीच्या कारकुनाच्या कार्यालयात जायचे, फी भरायची, परवाना घेऊन बाहेर पडायचे. तो नव्वद दिवस चालतो. त्यातही एक 'गोपनीय' परवाना असतो. एकत्र राहत असलेल्या जोडप्याला तो मागता येतो. त्याला साक्षीदार लागत नाही आणि त्याची नोंद कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणालाही पाहता येत नाही. भाचीने तोच घेतला होता, कारण रांगेत पुढे असलेल्या जोडप्याने तो घेतला! तिला कोणापासून काही लपवायचे नव्हते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, त्याच संध्याकाळी फोटो गेले होते. बहीण दोन दिवस रडली, "चार लोकांना काय सांगू" म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी चार लोकांना फोटो दाखवू लागली.

मैत्रिणींनो, मी भाचीवर चिडलेले नाही. मानपान, देणेघेणे, पाचशे पानांच्या पंगती आणि मुलीच्या बापाची वाकलेली मान यांच्याविरुद्ध आपण बोलत आलो, त्या साऱ्याला तिने एका शुक्रवारी फाटा दिला. २५ डिसेंबर १८७३ला सत्यशोधक पद्धतीने पहिले लग्न लागले तेव्हापासून या महाराष्ट्रात साध्या लग्नाची लढाई चालू आहे. भाचीचे लग्न त्या वंशावळीत बसते असे ती म्हणाली तर मी वाद घालणार नाही. माझे भांडण 'पळून' या शब्दाशी आहे. जिच्यामागे कोणी लागलेले नाही तिने हा शब्द दागिन्यासारखा घालावा, आणि जिच्यामागे गाव लागले आहे तिच्या कपाळावर तोच डाग म्हणून राहावा, हे मला गिळवत नाही.

आपल्या भाषेत हा शब्द कसा वापरतात पाहा. मुलगी 'पळून गेली' किंवा मुलाने तिला 'पळवली'. पहिल्यात ती गुन्हेगार, दुसऱ्यात ती सामान. दोघांनी विचार करून लग्न केले, असे सांगणारे साधे क्रियापद गावात कोणी वापरत नाही.

भाचीचा फोन आला त्याच महिन्यात आमच्याकडे एक जोडपे यायचे. तेही द्राक्षातलेच. निर्यातीच्या द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये ती घड निवडून डब्यांत भरायची, तो पेट्या शीतगृहात चढवायचा. पॅकहाऊसमध्ये बोलायला बंदी, पण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना चार महिने उभे राहिलेल्या माणसांना बोलायची गरज लागतेच असे नाही. ती बावीस वर्षांची, तो चोवीसचा. धर्म वेगळे. कोणाचा कोणता हे मी लिहीत नाही. लिहिले की वाचणारा लगेच बाजू घेतो, आणि आपल्यातही तसे वाचणाऱ्या कमी नाहीत.

दोघेही एकाच धर्माची, म्हणजे हिंदू असती तर मी त्यांना आळंदीचा रस्ता सांगितला असता. महाराष्ट्रात पळून जाऊन लग्न करायचे तर आळंदी, हे एसटीच्या कंडक्टरलाही ठाऊक असते. गुरुजी, हार, साक्षीदार, दाखल्यांच्या प्रती, आणि दुपारी बाहेर. (संन्यास सोडून संसारात परतलेल्या जोडप्याला ज्या गावाने वाळीत टाकले आणि त्यांच्या मुलांचे हाल केले, त्याच गावात आज वाळीत पडायची तयारी ठेवून आलेल्यांची लग्ने लागतात. ज्ञानोबांच्या आईवडिलांची आठवण तिथे कोणी काढते का, कोण जाणे.) एवढेच लक्षात ठेवायचे की विधी खरेच पार पडले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट म्हटले आहे की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न होत नाही. मुलींना हे आधी सांगा. पोटगीच्या वेळी कळून उपयोग नसतो.

पण या दोघांना धर्म बदलायचा नव्हता. मग उरतो १९५४चा विशेष विवाह कायदा. चांगला कायदा आहे, मला त्याचा अभिमान आहे, आणि त्याच्या पाचव्या-सहाव्या कलमांनी माझी झोप उडवली आहे. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात आधी सलग तीस दिवस राहिलेले असले पाहिजे. मग नोटीस द्यायची. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायची. नोटिशींची वही कोणीही फुकट पाहू शकतो. पुन्हा तीस दिवस थांबायचे. आणि जीव वाचवायला दुसऱ्या जिल्ह्यात गेलात तर तुमच्या नोटिशीची एक प्रत तुमच्या कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यात जाते, तिथेही लावली जाते. म्हणजे जिथून पळालात तिथल्या फळ्यावर तुमचे नाव, वय आणि पत्ता सरकार स्वतः नेऊन लावते.

आमच्या जोडप्याची नोटीस नवव्या दिवशी गावात पोचली. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात त्या कार्यालयाचा दोष नाही, त्यांनी कायद्याप्रमाणे कागद लावला. दहाव्या दिवशी मुलगी मामाच्या गावी, फोन भावाच्या खिशात, आणि मुलगा कामावरून बंद. आम्ही तिच्या वयाचा दाखला आणि नोटिशीची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथे आम्हाला चहा मिळाला आणि "घरचं प्रकरण आहे, ताई" हे वाक्य मिळाले. एकेचाळिसाव्या दिवशी ती स्वतःच निसटून आली. पायात मामीच्या चपला, एक आकडा मोठ्या.

नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झाले तर तीच नोटीस चालते, म्हणून आम्ही वाचलो. सत्तेचाळिसाव्या दिवशी लग्न झाले. कायद्याला तीन साक्षीदार लागतात: मी, केंद्रातली माझी सहकारी आणि मुलाचा एक मित्र. त्याच्या हाताला घाम इतका की पेन निसटत होते. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "ताई, एक फोटो काढा ना." मी मोबाइल काढला तशी म्हणाली, "नको. फोनमध्ये नको." समोरच्या स्टुडिओत जाऊन पासपोर्टचा पडदा लावून एक कागदी फोटो काढला आणि मूळ फाइल पुसायला लावली.

तिकडे ज्यांना गरज नव्हती त्यांना सहज म्हणून गोपनीयता मिळाली. इकडे जिचा जीव गोपनीयतेवर होता तिचे नाव टाचणीने फळ्यावर. माझा राग इथे आहे.

आता आपल्याच काही जुन्या मैत्रिणी म्हणतात की नोटीस काढू नका, ती बायकांचे रक्षण करते; पहिली बायको असलेल्या पुरुषाला ती पकडते. त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. फसवून केलेल्या दुसऱ्या लग्नांची प्रकरणे मीही चालवली आहेत. पण माझ्याकडची ती सगळी प्रकरणे विधी करून, वाजतगाजत, नातेवाइकांच्या साक्षीने लागलेल्या लग्नांची आहेत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाआधी नोटीस नाही. निकाहाला नाही. द्विभार्या रोखण्यासाठीच जर फळा हवा असेल, तर तो सगळ्यांना का नको? फक्त धर्माची भिंत ओलांडणाऱ्यांनाच का? शिवाय या फळ्याच्या भीतीने जोडपी धर्म बदलून लग्न उरकतात, आणि बदलायची पाळी बहुतेक वेळा मुलीवर येते. मग तेच लोक ओरडतात, पाहा, धर्मांतर झाले!

अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये म्हटले की नोटीस लावायची की नाही हे जोडप्याने ठरवावे. तो निकाल उत्तर प्रदेशातला. आपल्या राज्याने काय केले? १३ डिसेंबर २०२२ला अशा लग्नांची माहिती गोळा करून मुलींच्या माहेरच्यांशी 'समन्वय' साधणारी समिती नेमली. आधी आंतरजातीयही त्यात होते, ओरड झाल्यावर दोन दिवसांत ते वगळून फक्त आंतरधर्मीय ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि विशेष कक्ष उभारायला सांगितले होते २७ मार्च २०१८ला. त्याची कार्यपद्धती ठरवणारा आपल्याकडचा शासन निर्णय निघाला डिसेंबर २०२४मध्ये. समितीची घाई आणि निवाऱ्याची सवड, दोन्ही तारखा शेजारी ठेवून वाचाव्यात.

आणि हे सगळे कोणत्या भागात? जून २०१३मध्ये याच नाशिक शहरात, स्वतःच्या पसंतीने जातीबाहेर लग्न केलेल्या, नऊ महिन्यांच्या गर्भवती मुलीला आजारपणाचे निमित्त सांगून बापाने रिक्षात बसवून नेले आणि गळा आवळून मारले. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून वीस वर्षांची सक्तमजुरी दिली. आज नाशिकला 'भारताचा नापा' म्हणतात. वाइनरीत लग्ने लागतात, गंगापूर धरणाच्या पाण्यावर सूर्य मावळताना फोटो निघतात. फोटोतल्या वेलींची छाटणी करायला पेठ-सुरगाण्याहून मजुरीला येणाऱ्या आदिवासी बायकांत, लग्नाच्या खर्चाला पैसे नाहीत म्हणून विधीशिवायच संसार मांडलेल्या कितीतरी आहेत. मुले मोठी झाल्यावर सामुदायिक विवाहात त्यांच्या डोक्यावर अक्षता पडतात. त्यांच्या लग्नाइतके छोटे लग्न कोणत्याही पॅकेजमध्ये मिळत नाही, आणि त्याला रोमँटिक म्हणायचे कोणाला सुचलेले नाही.

रोमँटिकवरून आठवले. पळून गेलेल्या मुलीचे पुढे काय होते हेही आपण लपवू नये. भाची नवऱ्याशी भांडली तर आईकडे येईल, चार दिवस राहील, रागावून परत जाईल. आमच्या मुलीला माहेर राहिलेले नाही. उद्या त्याने हात उगारला तर ती कुठे जाणार? "तूच केलंस ना?" हे सगळ्यांचे उत्तर तयार आहे. सातबाऱ्यावरचे तिचे नाव हक्कसोडपत्राने कधी गेले हे तिला कळणारही नाही. म्हणून लग्न लावून दिले की आपले काम संपले असे मानणारी केंद्रे मला पटत नाहीत. आम्ही तिला सांगितले आहे की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करायचा, नवरा चांगला असला तरी करायचा. आणि ज्या दोन मैत्रिणींना एकमेकींशी लग्न करायचे आहे त्यांना तर ऑक्टोबर २०२३च्या निकालानंतर नोटीस द्यायलाही खिडकी नाही. नापात ती आहे.

मागणी नवी नाही. पाचव्या कलमातली रहिवासाची अट आणि सहाव्यातला फळा काढा. ओळख, वय आणि आधीचे लग्न यांची तपासणी प्रतिज्ञापत्रावर करा, खोटे निघाले तर शिक्षा द्या. तोवर प्रत्येक केंद्राने आपल्या जिल्ह्यातला निवारा खरोखर उघडा आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. कुलूप असेल तर कुलपाचा फोटो आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.

डिसेंबरात भाची आणि जावई येत आहेत. तिला नाशिकची एखादी वाइनरी बघायची आहे, तिथे जेवायचे आहे. जाऊ. पण आधी सकाळी मी तिला विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नेणार आहे. दाराशेजारी फळा असतो. वाचायला पैसे पडत नाहीत.