कृतज्ञतेचे नित्यकर्म

अध्यात्म म्हटले की हिमालयातील गुहा, मौनव्रत आणि प्रपंचापासून दूर गेलेला साधक असे चित्र सुशिक्षित मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्याच्यामागे नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि घराचे हप्ते आहेत, त्याने अध्यात्म निवृत्तीनंतरच्या खात्यावर मांडून ठेवलेले असते. मधल्या काळात मनाला शांती हवी असेल तर शुल्क भरून दोन दिवसांचे शिबिर करावे आणि सोमवारी पुन्हा धावपळीला लागावे, असा हा हिशेब. तो चुकतो तो एका ठिकाणी. हिंदू जीवनरचनेने अध्यात्माला प्रपंचाबाहेर जागा दिली, पण त्याचे खरे घर प्रपंचातच बांधले. पाणी, अन्न, दिवा, उंबरठा, गाय, वृक्ष आणि दारी आलेला पाहुणा ही त्या घराची सामग्री आहे.

आज हीच गोष्ट पश्चिमेकडून नव्या वेष्टनात परत येत आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना दर आठवड्याला कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी लिहून काढण्यास सांगितले होते, तर काहींना त्रासाच्या गोष्टी. पहिल्या गटातील लोक स्वतःच्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले. त्यानंतर कृतज्ञतेच्या वह्या जगभर विकल्या जाऊ लागल्या आणि मुंबई-पुण्याच्या घरांतही पोहोचल्या. या प्रयोगाची थट्टा करण्याचे कारण नाही. चांगले जिथून येईल तिथून घ्यावे. परंतु ती वही ‘मला काय मिळाले’ या प्रश्नापाशी थांबते. हिंदू विचार तिथून पुढे जातो. जे मिळाले ते कोणाकडून मिळाले, आणि त्याची फेड कशी करायची, हे त्याचे पुढचे दोन प्रश्न आहेत. ‘कृतज्ञ’ या शब्दाची घडणच पाहावी. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले जाणणे हा कृतज्ञतेचा गाभा आहे. मनाला वाटणारा गोडवा ही त्यानंतरची गोष्ट.

हे जाणणे रोजच्या व्यवहारात कसे मुरलेले असते ते पाहायचे तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या परिसरात वसलेल्या वालावल गावाकडे पाहावे. लक्ष्मीनारायणाचे जुने मंदिर, त्याला लागूनच विस्तीर्ण तलाव आणि भोवती माडापोफळींची दाटी असे या गावाचे रूप आहे. चित्रीकरणासाठी येणारे आणि पर्यटक या निसर्गसौंदर्यावर लुब्ध होतात. पण देवालय आणि जलाशय शेजारी असण्यात केवळ सौंदर्यदृष्टी नाही. कोकणात पाऊस धो धो कोसळतो आणि उतारावरून धावत समुद्राला मिळतो. फाल्गुन-चैत्रात त्याच गावांना घागरभर पाण्याची चिंता पडते. ज्या भूमीत पाणी अडवणे हाच जगण्याचा आधार, तिथे पाण्याच्या काठावर देव बसवणे म्हणजे पाण्याचा मान राखायला समाजाला शिकवणे होय. देवाच्या पायरीशी असलेले पाणी घाण करताना हात कचरतो. लहान मुलाला पर्यावरणाचा धडा द्यावा लागत नाही. आजीचे बोट धरून तळ्याकाठी गेल्यावर तो आपोआप मिळतो.

पाण्याविषयीची हीच जाण मालवणच्या समुद्रातही दिसते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली पायाभरणी केलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याला चहूबाजूंनी खारे पाणी आहे आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. खाऱ्या समुद्राच्या मधोमध तहान भागवणाऱ्या पाण्याला ज्यांनी दुधाचे, दह्याचे आणि साखरेचे नाव दिले, त्यांना कृतज्ञतेवर व्याख्यान देण्याची आवश्यकता नव्हती.

कोकणी माणसाच्या प्रार्थनेचे स्वरूपही मननीय आहे. इतर मराठी मुलखात ‘गाऱ्हाणे’ म्हणजे तक्रार. मालवणी मुलखात मात्र देवापुढे घालायच्या प्रार्थनेला हेच नाव आहे. मानकरी किंवा घरातला जाणता पुरुष देवापुढे उभा राहतो, गावाच्या वतीने बोलतो आणि प्रत्येक वाक्यागणिक बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. त्यात केवळ स्वतःच्या घराचे मागणे नसते. शेतीभाती, गुरेढोरे, घरची लेकरेबाळे, पोटासाठी मुंबईला गेलेले चाकरमानी, सासरी गेलेल्या मुली, या सर्वांचा भार देवावर घातला जातो. कळत-नकळत काही चुकले असेल तर ते पदरात घेण्याची विनंतीही असते. ही प्रार्थना एकवचनी नाही, हे तिचे मर्म आहे. एकट्याचे सुख मागण्याची सवयच तिने लागू दिली नाही.

गणेश चतुर्थीला घरोघर गणपतीच्या डोक्यावर जी माटवी बांधली जाते, तिच्यातही तोच संस्कार आहे. आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे, हरण, तेरडा अशी रानातली आणि परसातली संपदा तिला बांधतात. सोन्याचांदीचे छत ज्याला परवडत नाही त्याचा गणपतीही त्यामुळे उघडा राहत नाही. आणि ज्याला परवडते त्यालाही रानात जावेच लागते. दसऱ्याच्या सुमारास शेतातील भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधण्याची रीत याच माळेतली. नवे धान्य ताटात येण्याआधी उंबरठ्यावर त्याचा सन्मान होतो. जपानी माणूस जेवणापूर्वी हात जोडून अन्नाविषयी नम्रतेचा एक शब्द उच्चारतो. जगातील प्राचीन संस्कृतींना अन्नापुढे लीन होणे कळत होते, याचीच ही साक्ष आहे.

मात्र लीन होऊन काम भागत नाही. वालावलजवळच मालवण तालुक्यात धामापूरचा तलाव आहे. नागेश देसाई यांनी १५३० साली ग्रामस्थांच्या साहाय्याने तो बांधला असे सांगतात. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून त्याचा गौरव केला. तलावाच्या काठी भगवती देवीचे मंदिर आहे. तिच्याविषयीची आख्यायिका अशी की, गरिबाच्या घरी लग्न निघाले म्हणजे परडीत फुलांचे दागिने करून तलावात सोडायचे, आणि ती परडी सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. अट एकच होती. कार्य उरकले की दागिने परत करायचे. पुढे कोणाला तरी लोभ सुटला, दागिने परत गेले नाहीत, आणि परडी वर येणे थांबले.

या लोककथेत एका अख्ख्या तत्त्वज्ञानाचे सार आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांना न देता जो एकटाच भोगतो त्याला चोर म्हटले आहे. तैत्तिरीय संहितेने मनुष्य जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असल्याचे सांगितले. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे ऋण जोडले, ते माणसांचे. पहिल्या तीन ऋणांची आठवण पूजा, श्राद्ध आणि ग्रंथपठण यांतून समाजाने बऱ्यापैकी जपली. चौथ्या ऋणाचे काय झाले, हा प्रश्न मात्र प्रामाणिकपणे विचारला पाहिजे.

ज्या समाजाने पाण्याला तीर्थ म्हटले, त्याच समाजातील बांधवांना पाणी पिण्याचा अधिकार बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. महाडही कोकणातच आहे. ज्यांच्या श्रमांवर गावगाडा चालला त्यांचे ऋण मान्य करणे दूरच, त्यांची सावलीही नाकारली गेली. ही त्रुटी धर्माभिमान्यांनीच दूर करावी म्हणून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीत झुंज दिली, आणि भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून १९३१ साली सर्व हिंदूंसाठी पतितपावन मंदिर उभे राहिले. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणायचे आणि ते पिकवणाऱ्याला ओसरीखाली उभे करायचे, ही कृतज्ञता नव्हे. घरातही वेगळे घडत नाही. ताटाला नमस्कार करणाऱ्या किती जणांनी ते ताट वाढणाऱ्या गृहिणीला दमल्यावर बसायला सांगितले असेल? ‘आहे त्यात समाधान माना’ हा उपदेश वंचिताला करण्यासाठी कृतज्ञता वापरली जाते तेव्हा तिचा ढोंगीपणा होतो. कृतज्ञतेचा पहिला पत्ता ज्याला अधिक मिळाले त्याचाच आहे.

आज कोकणापुढे याच चौथ्या ऋणाचा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि गाव मुंबईच्या जवळ आले. तरीही चतुर्थी आणि जत्रेपुरती उघडणारी घरे गावोगाव आहेत. माटवीचे सामान रानातून आणण्याऐवजी बाजारातून विकत घेतले जाते, कारण कवंडळाची वेल दाखवणारा आजोबा नातवाला भेटतच नाही. देवाला वाहिलेले हार प्लॅस्टिकच्या पिशवीसह पाण्यात सोडणाऱ्याला आपण भक्ती करतो आहोत असेच वाटत असते. गावाने वाढवले, शिकवले, चाकरमानी म्हणून अभिमानाने मिरवले. त्या गावाकडे परत काय गेले? देणगीची पावती हे उत्तर अपुरे आहे. तळ्यातला गाळ काढताना लागणारे हात, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची चौकशी, पडीक जमिनीत लावलेले झाड, गावच्या शाळेतील मुलांसाठी दिलेली मे महिन्यातली दोन आठवड्यांची सुट्टी, ही खरी परतफेड आहे.

संघटनेच्या कार्यकर्त्यांना ही कल्पना नवी नाही. रा. स्व. संघात १९२८ साली पहिली गुरुदक्षिणा झाली तेव्हा ८४ रुपये ५० पैसे जमा झाले होते. रकमेकडे पाहिले तर ती नगण्य. परंतु कोणाकडे हात न पसरता, ज्या समाजाकडून घेतले त्याला वर्षातून एकदा ध्वजापुढे मुकाट्याने परत करायचे, ही शिस्त तेव्हापासून अखंड चालू आहे. पाकिटावर रकमेची जाहिरात नसते आणि देणाऱ्याचा सत्कारही होत नाही. वर्षातून एकदा होणारे हे समर्पण उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत उतरणे, हीच कुटुंब प्रबोधनाची खरी कसोटी आहे.

त्यासाठी मोठ्या आयोजनाची गरज नाही. सकाळी भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिला केलेला नमस्कार, दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद ठेवून आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र घेतलेले भोजन, दिवेलागणीला तुळशीपाशी उभे राहून त्या दिवशी कोणाचे काय घेतले याची मुलांबरोबर केलेली उजळणी, एवढ्याने प्रारंभ होतो. सफाई कामगाराचे नाव मुलांना ठाऊक असणे आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना घरातल्याच कपात चहा मिळणे, हाही पूजेचाच भाग मानला पाहिजे. रोजच्या क्षणांत देव शोधायचा तो अशा ठिकाणी.

परडी वर येणे का थांबले, हे धामापूरच्या लोकांनी कथेतून सांगून ठेवले आहे. पाणी, माती, गाव आणि समाज यांच्याकडून प्रत्येक घराने आजवर पुष्कळ उचलले. कार्य उरकले आहे. दागिने परत करण्याची वेळ झाली आहे.