यादीबाहेरची पुस्तकं

अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला भाषा शिकवण्यासाठी लाखो छापील पुस्तकं विकत घेतली. त्यांची बांधणी कापली, पानं सुटी करून स्कॅन केली आणि कागद टाकून दिला. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांच्या 23 जून 2025च्या निकालपत्रात हा सारा तपशील आहे. विकत घेतलेल्या पुस्तकांवरून यंत्राला शिकवणं कायद्यात बसतं, असं त्यांनी ठरवलं. पण त्याआधी याच कंपनीने चोरट्या संकेतस्थळांवरून 70 लाखांहून अधिक प्रती उतरवून घेतल्या होत्या आणि त्यांचं कायमचं ग्रंथालय करून ठेवलं होतं. त्याला न्यायाधीशांनी माफी दिली नाही.

नुकसानभरपाईचा खटला उभा राहण्याआधीच कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. म्हणजे सुमारे 13 हजार कोटी रुपये. दर पुस्तकामागे अंदाजे 3,000 डॉलर, वकिलांची फी वजा होण्याआधी. आंद्रेया बार्ट्झ, चार्ल्स ग्रेबर आणि कर्क वॉलेस जॉन्सन या तीन लेखकांनी लावलेल्या दाव्यातून एवढी रक्कम निघाली, ही लेखकांच्या इतिहासातली मोठी घटना आहे.

आता त्या तडजोडीची यादी पाहावी. प्रती 70 लाखांहून अधिक, पण यादीत पुस्तकं पाच लाखांच्या आतबाहेर. काही पुस्तकांच्या अनेक प्रती होत्या, हे एक कारण. दुसरं कारण मराठी लेखकाने नीट समजून घ्यायला हवं. यादीत यायचं तर पुस्तकाला आयएसबीएन किंवा अ‍ॅमेझॉनचा क्रमांक हवा आणि अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात त्याची वेळेत नोंदणी झालेली हवी. त्या देशाच्या कायद्यात नोंदणी असेल तर एका पुस्तकामागे किमान 750 आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागता येते, नुकसान किती झालं हे सिद्ध न करता. कंपनीला तडजोडीला बसवलं ते या तरतुदीने. पुण्यात किंवा कोल्हापुरात निघालेल्या मराठी कादंबरीची अमेरिकेत नोंदणी कोण करतं? तशी कादंबरी त्या चोरट्या साठ्यात असलीच, तरी लेखकाच्या हाती एक डॉलर पडणार नाही.

आपला 1957चा कायदा लेखकाशी जास्त मायेने वागतो. लिहिलं की हक्क जन्माला येतो, नोंदणी ऐच्छिक. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं तो वारसांकडे राहतो. पण ठरीव भरपाईची तरतूद या कायद्यात नाही. नुकसान किती झालं ते फिर्यादीनेच दाखवायचं. हजाराची आवृत्ती चार वर्षं पुरवून विकणारा लेखक एखाद्या परदेशी कंपनीविरुद्ध आपलं नुकसान आकड्यात कसं मांडणार? म्हणून भारतात पहिला मोठा दावा लेखकाने नव्हे, एएनआय या वृत्तसंस्थेने लावला. नोव्हेंबर 2024 मध्ये तिने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं आणि दोन कोटी रुपयांची भरपाई मागितली. आमचे सर्व्हर भारतात नाहीत, तेव्हा या न्यायालयाला अधिकारच नाही, असा ओपनएआयचा एक बचाव. न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी चार प्रश्न काढले. शिकवण्यासाठी मजकूर साठवणं उल्लंघन आहे का, उत्तर देताना तो वापरणं उल्लंघन आहे का, कलम 52मधली उचित वापराची सवलत लागू होते का आणि इथल्या न्यायालयाला अधिकार आहे का. पुस्तक प्रकाशकांचा महासंघ आणि डिजिटल वृत्त प्रकाशकांची संघटनाही त्यात उतरल्या. संस्थांची ही गर्दी चांगलीच आहे, पण तीत सुटा लेखक नाही.

केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर 2025 मध्ये वेगळी वाट सुचवली. कंपन्यांनी रीतसर मिळवलेला कोणताही मजकूर शिकवण्यासाठी खुशाल वापरावा, लेखकाला नकार देता येणार नाही, पण त्या बदल्यात कमाईचा हिस्सा द्यावा. तो हिस्सा एक मध्यवर्ती संस्था गोळा करेल आणि वाटेल. नॅसकॉम या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेने या शिफारशीला विरोध नोंदवला. लेखकाचा नकाराचा हक्क काढून घेणं ही या प्रस्तावाची सर्वांत बोचणारी बाजू आहे. पण शेकडो कोर्टकचेऱ्यांपेक्षा एक वाटप बरं, हेही खरं. प्रश्न वाटप करणाऱ्याचा आहे.

त्याचं उत्तर मुंबईच्या गाण्यांच्या धंद्यात सापडतं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणारी आयपीआरएस 1969 साली स्थापन झाली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या गाण्याचा हक्क निर्मात्याच्या पदरात टाकला. ज्यांनी शब्द लिहिले, चाली बांधल्या, त्यांना पुढची 35 वर्षं मिळेल ते घेऊन गप्प बसावं लागलं. 2012ची दुरुस्ती झाली तेव्हा कुठे त्यांचा रॉयल्टीचा हक्क कोणत्याही कराराने सोडून देता न येणारा ठरला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि या दुरुस्तीसाठी ते हिरिरीने भांडले. त्याच दुरुस्तीने आणखी एक नियम आणला. अशा संस्थेच्या कारभारी मंडळात लेखक आणि मालक समसमान असले पाहिजेत. नव्या संस्थेत हा नियम पहिल्या दिवसापासून हवा, 35 वर्षांनी नको.

आणि यादी हवी. ती दिल्लीत बसून कोणी करणार नाही. 1909च्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत मराठी कथेचं केवढं धन पडून आहे! बाहेरच्या लेखकाने अंकाला दिलेली कथा कायद्याने लेखकाचीच राहते, लेखी करार करून दिली नसेल तर. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी हवेत, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, असं कलम 19 सांगतं. मराठीत कितीतरी पुस्तकं निव्वळ शब्दावर निघाली. त्यांचे हक्क आजही लेखकाकडे किंवा त्याच्या मुलानातवंडांकडे आहेत, आणि बऱ्याच घरांना याचा पत्ताच नाही. जुन्या आवृत्त्यांवर आयएसबीएन नाही आणि अंकांतल्या सुट्या कथांना तर तसला क्रमांक कधी नव्हताच. आयएसबीएनवर बेतलेली यादी उद्या दिल्लीत झाली, तर हे सगळं साहित्य यंत्राच्या उपयोगी पडेल आणि वाटपातून गळेल.

साहित्य महामंडळाने आणि प्रकाशकांच्या संघटनांनी संमेलनाच्या ठरावांत हा विषय घ्यावाच, पण ठरावाआधी नोंदवही उघडावी. कथा, लेखक, अंक, वर्ष, वारस, बँक खातं, एवढेच रकाने पुरेत. दिवाळी अंकांच्या संपादकांकडे लेखकांचे पत्ते असतात, मानधन त्याच पत्त्यांवर जातं. काम तिथून सुरू करता येईल, या वर्षीच्या अंकांची जुळवाजुळव चालू असतानाच.